जो बरोच्या त्या एका सीझनमागची पाच वर्षं

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात भारी सीझन कुठल्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे बॉल फेकून टीमचा अटॅक चालवणाऱ्या खेळाडूचा, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे, जो बरो, एलएसयू म्हणजे लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, २०१९. १५ पैकी १५ मॅच जिंकल्या, ५,६७१ यार्ड पासिंग, ६० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या टीमने पकडलेले पास, फक्त ६. त्याआधी एका सीझनमधल्या टचडाउन पासचा रेकॉर्ड ५८ चा होता, हवाईच्या कोल्ट ब्रेननचा, २००६ पासून तसाच उभा होता. पण लोक हा सीझन आभाळातून पडल्यासारखा सांगतात ना, ते मला पटत नाही. कारण त्याच्या फक्त दोन वर्षं आधी हाच मुलगा दुसऱ्या एका कॉलेजात बेंचवर बसलेला होता आणि त्याला कोणी फारसं ओळखतही नव्हतं.

जोचा जन्म डिसेंबर १९९६ चा, आयोवातल्या एम्सचा. घरात सगळे फुटबॉलवालेच. वडील जिम बरो नेब्रास्काकडून डिफेन्समध्ये खेळलेले आणि नंतर आयुष्यभर कोच, दोघे मोठे भाऊपण नेब्रास्काकडूनच खेळले. कोचची नोकरी म्हणजे दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं, तसं करत करत २००५ मध्ये हे कुटुंब ओहायोच्या आग्नेय भागातल्या अथेन्स काउंटीत आलं, कारण वडील तिथल्या ओहायो युनिव्हर्सिटीत डिफेन्सचं काम बघायला लागले. हा अ‍ॅपलाचियाचा डोंगराळ पट्टा, खाणी बंद पडलेल्या, गरिबी भरपूर. जो तिथल्याच साध्या सरकारी शाळेकडून, अथेन्स हायस्कूलकडून खेळला आणि २०१४ मध्ये टीमला स्टेट फायनलपर्यंत घेऊन गेला. फायनल ५६-५२ ने हरले, पण त्या वर्षीचा ओहायोचा मिस्टर फुटबॉल, म्हणजे राज्यातला सगळ्यात भारी शाळकरी खेळाडू, तोच ठरला. आणि ज्या नेब्रास्काकडून वडील आणि दोघे भाऊ खेळले त्या नेब्रास्काने त्याला काही बोलावलं नाही.

मग तो गेला ओहायो स्टेटला, राज्यातली सगळ्यात मोठी टीम, कोच अर्बन मायर. इथे थोडं थांबून नियम समजून घेऊया कारण पुढची सगळी गोष्ट त्या नियमांवरच उभी आहे. तेव्हा कॉलेज खेळाडूला पाच वर्षांच्या आत चार सीझन खेळता यायचे, एक वर्ष मैदानात न उतरता फक्त प्रॅक्टिस करत काढलं तर त्याला रेडशर्ट म्हणतात आणि ते वर्ष मोजलं जात नाही. बरोचं २०१५ असं गेलं. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याच्यापुढे जे. टी. बॅरेट होता, अनुभवी, कॅप्टन, त्याची जागा हलणार नव्हतीच. २०१७ चा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर प्रॅक्टिसमध्ये बरोचा हात मोडला आणि दुसऱ्या नंबरची जागा ड्वेन हॅस्किन्सकडे गेली, पुढे मिशिगनविरुद्ध बॅरेटला दुखापत झाली तेव्हा मैदानात हॅस्किन्स उतरला आणि मॅच काढून दिली. बस, तिथेच चित्र फिरलं. क्वार्टरबॅकची जागा एकच असते हो, बाकी पोझिशनसारखं आलटून पालटून खेळवत नाहीत, सगळा अटॅक त्याच्या डोक्यातून चालतो. तीन वर्षांत बरोच्या नावावर ओहायो स्टेटमध्ये एकूण ३९ पास आणि २ टचडाउन, तेही बहुतेक मॅचचा निकाल लागून गेल्यावर मिळालेले.

आता दुसरा नियम. त्या काळात एका मोठ्या कॉलेजातून दुसऱ्या मोठ्या कॉलेजात गेलं तर साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, पण पदवी पूर्ण झालेली असेल तर नाही, लगेच खेळता यायचं. बरोने तीन वर्षांत डिग्री संपवली होती. मे २०१८ मध्ये डिग्री हातात, दोन सीझन शिल्लक, आणि तो एलएसयूला निघाला. मला त्याच्या करिअरमधली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, कुठल्याही पासपेक्षा मोठी. अभ्यास रेंगाळला असता तर २०१८ चं वर्ष बाहेर बसण्यात गेलं असतं.

एलएसयूची पण गरज तेवढीच होती. डिफेन्स जबरदस्त, मैदान खच्चून भरलेलं, पण पासिंग वर्षानुवर्षं बेताचं, त्यात जुना प्रतिस्पर्धी असलेल्या अलाबामा युनिव्हर्सिटीकडून सलग हार. कोच एड ऑर्जेरॉन लुईझियानाचाच माणूस, त्याने या मुलावर डाव लावला. पहिला सीझन ठीकठाकच गेला, १० विजय ३ पराभव, बरोचे १६ टचडाउन पास आणि ५७.८ टक्के अचूकता. अलाबामाने घरच्या मैदानावर २९-० ने धुतलं. टेक्सास ए अँड एमविरुद्ध मॅच सात ओव्हरटाइमपर्यंत गेली आणि ७४-७२ ने हातातून निसटली. १ जानेवारी २०१९ ला यूसीएफ म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध तर एका इंटरसेप्शननंतर त्याला असला जोरात धक्का बसला की तो आडवाच झाला, आणि उठून त्याने चार टचडाउन पास टाकले, ती मॅच ४०-३२ ने जिंकली. टीमचा त्याच्यावर खरा विश्वास तिथून बसला असं मला वाटतं.

त्यानंतर एलएसयूने एनएफएल म्हणजे व्यावसायिक लीगमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्स टीमकडून जो ब्रेडी नावाचा, तिशीही न गाठलेला असिस्टंट आणला. ऑफेन्सचा मुख्य कोच स्टीव्ह एन्समिंगरच होता, पण ब्रेडीने पासिंगचा ढाचाच बदलला. आधी क्वार्टरबॅकला वाचवायला जास्तीची माणसं मागे ठेवायचे, आता पास घेऊ शकणाऱ्या पाचही जणांना एकदम पुढे पळवायचं आणि बरोने बॉल हातात आल्या आल्या समोरचा डिफेन्स वाचून झटकन सोडायचा. कोचच्या घरात वाढलेल्या मुलाला हे वाचणं जमतंच, आणि पुढे पळणारे कोण, तर जस्टिन जेफरसन आणि जमार चेस! अचूकता ५७.८ वरून थेट ७६.३ टक्क्यांवर गेली. खेळाडू तोच, हात तोच.

७ सप्टेंबर २०१९ ला टेक्सासच्या मैदानावर शेवटची अडीच मिनिटं उरलेली, तिसरा डाउन, म्हणजे बॉल पुढे न्यायच्या चार प्रयत्नांतला तिसरा, आणि अजून १७ यार्ड जायचं बाकी, दुसरं कोणी असतं तर वेळ काढून पुढच्या डाउनला किक मारून सुटलं असतं, बरोने प्रेशरमध्ये बाजूला सरकत जेफरसनला पास दिला आणि तो थेट टचडाउनच. ४५-३८. नोव्हेंबरमध्ये अलाबामाला त्यांच्याच घरात ४६-४१ ने हरवलं, ८ मॅचची पराभवाची मालिका तुटली, टीममेट्सनी बरोला खांद्यावर घेतलं. राष्ट्रीय चॅम्पियनशिपच्या सेमीफायनलला ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या हाफमध्येच त्याचे ७ टचडाउन पास, मॅच ६३-२८. त्याच दिवशी सकाळी एन्समिंगरची सून विमान अपघातात गेली होती आणि तो माणूस तरीही मैदानावरच्या कोचच्या बूथमध्ये बसून काम करत होता, ती मॅच आजही बघवत नाही मला. १३ जानेवारी २०२० ला न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेम्सनला ४२-२५ ने हरवून चॅम्पियनशिप.

मधे डिसेंबरमध्ये हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी कॉलेज खेळाडूला मतदानाने मिळणारा मान, मिळाली, तोपर्यंतच्या सगळ्यात मोठ्या फरकाने, आणि एलएसयूला १९५९ च्या बिली कॅननंतर पहिल्यांदाच. भाषणात तो रडला, आणि शाळेतून घरी गेल्यावर ज्यांच्या ताटात फारसं काही नसतं त्या अथेन्स काउंटीतल्या पोरांबद्दल बोलला, तुम्हीही इथे उभे राहू शकता म्हणाला. ऐकून गावातल्याच एकाने तिथल्या अन्नपेढीसाठी ऑनलाइन मदत मागितली, टार्गेट १,००० डॉलर ठेवलं होतं, जमले ५ लाखांच्या वर. मोठे स्टार गावाचं नाव घेतात ते बहुतेक वेळा कौतुकाने, याने गावाची भूक सांगितली, म्हणून तो मला जास्त आवडतो.

आणि हे सगळं करताना त्याला स्कॉलरशिपपलीकडे कमाई करता येत नव्हती. खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची परवानगी १ जुलै २०२१ ला आली, आणि एकदा कॉलेज बदलल्यावर बाहेर न बसता खेळायची मुभाही २०२१ चीच. आज बेंचवरचा क्वार्टरबॅक एका वर्षात बॅग भरतो, तीन वर्षं थांबून डिग्री संपवून निघणारा शोधावा लागेल. ६० चा रेकॉर्डपण २०२१ मध्येच वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने ६२ करून मोडला.

एलएसयूची ती टीम मात्र लगेच पांगली. ब्रेडी जानेवारीतच एनएफएलमध्ये परत गेला, एप्रिल २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम कॉलेजमधले खेळाडू निवडतात त्यात, एकट्या एलएसयूचे १४ जण निवडले गेले, आणि पुढच्या सीझनला टीम ५-५ वर आली. त्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव बरोचं होतं, सिनसिनाटी बेंगल्सने घेतला, म्हणजे ज्या ओहायोत जागा नाही म्हणून तो बाहेर पडला होता त्याच राज्यात.