घराच्या किमतीचे ऑनलाइन अंदाज आणि खानदेशातील त्यांची अचूकता

घराचा पत्ता, क्षेत्रफळ, खोल्यांची संख्या आणि बांधकामाचे वय एवढी माहिती भरली की संकेतस्थळ काही क्षणांत जी किंमत दाखवते, तिला घराच्या किमतीचा ऑनलाइन अंदाज म्हणतात. घर प्रत्यक्ष न पाहता, आसपासच्या व्यवहारांच्या व जाहिरातींच्या नोंदींवरून गणिती सूत्राने हा आकडा काढलेला असतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत घर विकताना, तसेच वडिलोपार्जित घराची वाटणी ठरवताना, हा आकडा मोबाइलवर पाहून पुढे केला जातो. त्यामुळे तो कितपत धरून चालावा, हा येथे प्रत्यक्ष पैशांचा आणि नात्यांचाही प्रश्न आहे.

या प्रकारातील सर्वांत परिचित अंदाज म्हणजे अमेरिकेतील झिलो कंपनीने २००६ मध्ये सुरू केलेला ‘झेस्टिमेट’. कंपनी स्वतः जे आकडे देते त्यांनुसार विक्रीस काढलेल्या घरांच्या बाबतीत मध्यक चूक सुमारे २ टक्के, तर विक्रीस न काढलेल्या घरांच्या बाबतीत सुमारे ७ टक्के असते. पहिला आकडा लहान दिसतो याचे मोठे कारण असे की, घर विक्रीस निघाले की मालकाने मागितलेली किंमतच सूत्राच्या हाती लागते. मध्यक चूक या शब्दाचा अर्थही नीट ध्यानात घ्यावा लागतो. ४० लाखांच्या घराला ७ टक्के म्हणजे २ लाख ८० हजार रुपये, आणि निम्म्या घरांच्या बाबतीत चूक याहूनही अधिक असते. झिलो स्वतः घरे विकत घेऊन पुन्हा विकण्याचा व्यवसायही करत होती. किमतींचा पुढचा अंदाज बांधणे अपेक्षेपेक्षा फार अवघड ठरल्याचे सांगून २०२१ मध्ये तिने तो बंद केला. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत विक्रीची खरी किंमत सार्वजनिक नोंदीत मिळते, तरीही ही स्थिती आहे.

खानदेशात सूत्राला मिळणारा कच्चा मालच वेगळा आहे. मालमत्तेच्या संकेतस्थळांवर सहज मिळणारी किंमत ही मुख्यतः जाहिरातीतली, म्हणजे मालकाने किंवा दलालाने सांगितलेली असते. बैठक बसून, इसार देऊन सौदा ज्या आकड्याला तुटतो तो तेथे येत नाही. जळगावच्या महाबळ किंवा रिंग रोड परिसरातील सदनिकांच्या जाहिराती भरपूर असल्याने तेथला अंदाज बराच जवळ जाऊ शकतो. चोपडा, साक्री किंवा तळोदा येथे मात्र तुलनेला पुरेशा जाहिराती नसल्या की सूत्र लांबच्या वस्तीचा दर उचलते, आणि तरीही उत्तर तितक्याच ठामपणे, अगदी हजार रुपयांपर्यंत नेमके असल्यासारखे देते. हा ठामपणाच सर्वांत घातक आहे.

घरांचे प्रकारही एका मापात बसणारे नाहीत. जाड मातीच्या भिंतींचे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर आणि त्याच्या शेजारी धाबे पाडून उभे केलेले दुमजली आरसीसी घर यांचा पत्ता जवळजवळ एकच असतो. जुन्या घराचे मोल बहुतेक त्याच्या जागेतच असते, हे पत्त्यावरून कळत नाही. काळ्या मातीत पाया पुरेसा खोल गेला नसेल तर माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि भिंतींना तिरप्या भेगा जातात. गिऱ्हाईक घरात शिरताच प्रथम त्या भेगांवरून हात फिरवते आणि नळाला किती दिवसांआड पाणी येते ते विचारते. धुळ्याच्या क्रमांकांच्या गल्ल्यांत पुढे दुकान व मागे राहती जागा अशी घरे आहेत. अशा घराच्या दुकानात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण असलेला जुना भाडेकरू असेल, तर रिकाम्या घराची किंमत त्याला लागू पडत नाही. गावठाणातील घराच्या उताऱ्यावर चार भावांची नावे असतील आणि बहिणींचे हक्कसोडपत्र झालेले नसेल, तर सौदा अडून राहतो. यांतले काहीही अर्जाच्या रकान्यांत भरता येत नाही.

क्षेत्रफळाचा घोळ तर साध्या भागाकारात दिसतो. समजा एका सदनिकेचे चटई क्षेत्र, म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापराची जागा, ६०० चौरस फूट आहे, जिना व गच्चीचा वाटा धरून ती ८४० चौरस फूट म्हणून विकली जाते आणि किंमत ४२ लाख आहे. दर ८४० वर काढला तर ५,००० रुपये येतो, ६०० वर काढला तर ७,०००. शेजारच्या जाहिरातीत कोणते क्षेत्रफळ लिहिले आहे हे सूत्राला ठाऊक नसेल, तर अंदाज उघडच चुकतो.

रेडी रेकनर, म्हणजे शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, हाही ऑनलाइन मिळणारा आकडा आहे. पण त्याचा हेतू मुद्रांक शुल्क ठरवण्याचा आहे. त्यात विभागवार खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालये, दुकाने व औद्योगिक वापर यांचे दर चौरस मीटरला दिलेले असतात. एकाच विभागातील रस्त्यावरचे घर व बोळातले घर यांना बहुधा एकच दर लागतो, त्यामुळे तो बाजारभाव मानता येत नाही. त्याहून उपयोगी पडते ती नोंदणी व मुद्रांक विभागाची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा. गाव, वर्ष आणि गट किंवा प्लॉट क्रमांक टाकून तेथे शेजारच्या घराचे खरेदीखत किती मोबदल्यावर झाले ते पाहता येते. काही व्यवहारांत कागदावरचा मोबदला प्रत्यक्षापेक्षा कमी असतो, हे धरूनही तो झालेल्या सौद्याचा पुरावा आहे आणि जाहिरातीपेक्षा अधिक भरवशाचा आहे.

वाटणीत ही खबरदारी विशेष लागते. पुण्यात राहणारा भाऊ मोबाइलवरचा आकडा धरून हिस्सा मागतो, अमळनेरच्या घरात राहणाऱ्या भावाला दलालाने त्याहून बराच कमी भाव सांगितलेला असतो, आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. अशा वेळी ऑनलाइन अंदाजाकडे एक आकडा म्हणून न पाहता वरची व खालची मर्यादा असलेला पट्टा म्हणून पाहावे, त्याच गल्लीतील अलीकडची दोन-तीन खरेदीखते काढावीत, आणि नोंदणीकृत मूल्यांककाला घर आतून दाखवून त्याचा लेखी अहवाल सर्व हिस्सेदारांसमोर ठेवावा. बँकाही घरकर्ज देताना आपल्या मूल्यांककाला जागेवर पाठवतात.