जनमत कौल (गोवा, १९६७)

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, या प्रश्नावर गोव्यातील मतदारांनी १६ जानेवारी १९६७ रोजी केलेले थेट मतदान. दमण व दीव यांच्यासाठी याच कायद्यान्वये गुजरातमध्ये विलीन होण्याबाबत स्वतंत्र कौल घेण्यात आला. प्रस्तुत नोंद गोव्यापुरती आहे. विधानसभेतील बहुमत एका बाजूला आणि जनतेचे बहुमत दुसऱ्या बाजूला असू शकते, हे भारतात इतक्या स्पष्टपणे आकड्यांत दिसल्याचे दुसरे उदाहरण शोधणे कठीण. म्हणून मतदानाच्या अभ्यासात या घटनेचे मोल तिच्या प्रादेशिक परिणामापेक्षा मोठे आहे.

नाव आणि वर्गीकरण : कायद्याच्या शीर्षकात ‘ओपिनियन पोल’ असा शब्द आहे, ‘रेफरेंडम’ असा नाही. बोलण्यात आजही ‘ओपिनियन पोल’ हेच नाव चालते. मराठीत ‘सार्वमत’, ‘जनमत चाचणी’ आणि ‘जनमत कौल’ असे तीन पर्याय आढळतात. यांपैकी ‘जनमत चाचणी’ हा शब्द आता निवडणुकीपूर्वीच्या पाहण्यांसाठी रूढ झाल्याने टाळलेला बरा. ‘सार्वमत’ या शब्दाबद्दल मतभेद आहे. लोकांचा निर्णय राज्ययंत्रणेवर कायद्याने बंधनकारक असेल तरच त्याला सार्वमत म्हणावे, असे काटेकोर राज्यशास्त्रीय मत. भारतीय संविधानात अशी तरतूद नाही. अनुच्छेद ३ नुसार राज्यांची निर्मिती व सीमाबदल हा संसदेचा अधिकार आहे. त्या दृष्टीने १९६७चे मतदान म्हणजे संसदेने मागितलेला सल्ला ठरतो. दुसरे मत असे की, केंद्र सरकार हा निकाल मानणार हे प्रचारात सर्वांनी गृहीत धरले होते आणि पुढे तो मानलाही गेला, तेव्हा व्यवहारात ते सार्वमतच होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तथापि कायद्याची भाषा पाहता ‘कौल’ हाच शब्द अधिक नेमका वाटतो.

या शब्दाला गोव्यात आणखी एक छटा आहे. मूळ अरबी ‘कौल’ म्हणजे शब्द, वचन. जुन्या दफ्तरांतला ‘कौलनामा’ हा अभयवचनाचा कागद. गोवा-कोकणातील देवळांत मात्र कौल लावतात तो देवाला. पुजारी मूर्तीच्या ठरावीक जागी ओल्या पाकळ्या वा पाने चिकटवतो, मागणारा गाऱ्हाणे घालतो आणि मंडपातली माणसे श्वास रोखून बघत राहतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अशा कौलात प्रश्न असा घालावा लागतो की उत्तर दोनांपैकी एकच येईल. १९६७च्या मतपत्रिकेचीही हीच अट होती, आणि तिची मर्यादाही हीच. स्वतंत्र घटकराज्य हा तिसरा पर्याय तिच्यावर नव्हता.

‘स्वतंत्र भारतातील एकमेव सार्वमत’ असा उल्लेख वारंवार केला जातो. तो दुरुस्त करायला हवा. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८मध्ये, चंद्रनगरमध्ये जून १९४९मध्ये आणि सिक्कीममध्ये एप्रिल १९७५मध्ये लोकांनी थेट मतदान केले होते. पुदुच्चेरीबाबत १९५४मध्ये किळूर येथे जे मतदान झाले ते लोकप्रतिनिधींचे होते. या सर्व ठिकाणी मुद्दा भारतात सामील होण्याचा किंवा संस्थानी सत्ता संपवण्याचा होता. भारतात आधीच असलेल्या प्रदेशाने देशांतर्गत आपले स्थान काय असावे हे मतपेटीतून सांगितले, हे गोव्याचे वेगळेपण. ‘एकमेव’ म्हणायचे तर एवढ्याच अर्थाने.

पूर्वीची मतदानपरंपरा : गावकारीत (गावाच्या मूळ घराण्यांची सामाईक संस्था, पोर्तुगीज काळातील कोमुनिदाद) गावकार वांगडवार, म्हणजे घराण्यांच्या गटांप्रमाणे, बसून निर्णय घेत. अफोन्सो मेशिया याच्या १५२६च्या फोरालमध्ये (सनदेत) या रूढी नोंदलेल्या आहेत. मात्र हा अधिकार जन्माने मिळे, रहिवासाने नव्हे. कूळ, मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे) आणि स्त्रिया त्याबाहेर होत्या. त्यामुळे गावकारीला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. १८२२पासून गोव्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेत निवडून जात, परंतु मताधिकार मूठभरांनाच होता. १९१०च्या प्रजासत्ताकाने हिंदूंना समान नागरी हक्क दिले. १९३०च्या वसाहत कायद्यानंतर राजकीय हक्कांचा पुन्हा संकोच झाला. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी मोडलेली बंदी सभेत बोलण्यावरची होती, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील वेग कळतो. १९ डिसेंबर १९६१ला मुक्ती, १९६२मध्ये पंचायतींच्या निवडणुका, ९ डिसेंबर १९६३ला पहिल्या विधानसभेची निवडणूक. ज्याच्या घराण्यात कोणी कधी मत दिले नव्हते अशा मुंडकाराला दोन वर्षांत भाटकाराइतकेच एक मत मिळाले.

पार्श्वभूमी : १९६३च्या निवडणुकीत गोव्यातील २८ जागांपैकी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) पाठिंब्यावरील अपक्षांसह १६ आणि युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण हे मगोचे मुख्य उद्दिष्ट. बहुजन समाजाला त्यात भाटकारशाहीपासून सुटका, मराठी शिक्षण आणि मोठ्या समाजाचा आधार दिसत होता. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्सला गोव्याची वेगळी ओळख व कोकणी महाराष्ट्रात विरून जाईल ही भीती होती. भाषेच्या आधारे सरळ दोन तट पाडणे मात्र चुकीचे ठरेल. विलीनीकरणाविरुद्धचा अत्यंत प्रभावी वृत्तपत्रीय प्रचार मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातूनच झाला, तर ‘गोमन्तक’ने मराठीतूनच विलीनीकरणाची बाजू लढवली.

जानेवारी १९६५मध्ये विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. वाद येथे पेटला. मगोचे म्हणणे असे की, याच मुद्द्यावर निवडणूक जिंकली, आता पुन्हा विचारायचे कशाला? विरोधकांचे उत्तर असे की, मतदाराने आमदार निवडला तो रस्त्यासाठी, कुळाच्या जमिनीसाठी, शाळेसाठीही. प्रदेशाचे अस्तित्व कायमचे संपवणारा निर्णय साध्या बहुमताच्या खिशात घालता येणार नाही. मुदतीनंतर बदलता येणारे निर्णय आणि कधीच न बदलणारे निर्णय यांत हा फरक आहे. प्रातिनिधिक लोकशाहीत तो क्वचितच इतक्या उघडपणे मांडला गेला असेल.

कायदा आणि व्यवस्था : डिसेंबर १९६६मध्ये संसदेने या मतदानाचा कायदा केला. सत्तेवर असलेला पक्षच मतदानात एक बाजू लढवत असताना यंत्रणा निःपक्ष राहणार नाही, हा आक्षेप विरोधकांनी लावून धरला होता. बांदोडकर मंत्रिमंडळाने डिसेंबरच्या प्रारंभी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीखाली मतदान झाले. बहुमत हाती असताना खुर्ची सोडून लोकांसमोर जाण्याची ही तयारी दोन्ही बाजूंच्या लेखनात पुरेशी अधोरेखित झालेली नाही. निकाल विरुद्ध जाऊनही तो विश्वासार्ह ठरला, त्यामागे या राजीनाम्याचा वाटा मोठा आहे.

मुंबईत व अन्यत्र राहणाऱ्या गोमंतकीयांना मत द्यावे, ही सिक्वेरांची मागणी मान्य झाली नाही. मतदान स्थानिक मतदारयादीवरच झाले. मगोचा सिंह किंवा अन्य पक्षचिन्हे न वापरता दोन नवी चिन्हे ठरवण्यात आली : विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि संघप्रदेशासाठी (केंद्रशासित राहण्यासाठी) ‘दोन पाने’. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही शिक्का कुठे मारायचा हे सांगता येई. ‘फुलाक की दोन पानांक’ एवढ्यात सगळा गोवा मावला होता. देवाला कौल लावतात तो पाकळ्यांनी आणि पानांनीच, हे प्रचारकांच्या ध्यानात आले नसेल असे वाटत नाही.

मतदान व निकाल : ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे सुमारे ८२ टक्के लोकांनी मत दिले. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ (५४.२ टक्के) आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० (४३.५ टक्के) मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. १७,०११ माणसांनी दोन पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता, तर गोव्याचा नकाशा वेगळा झाला असता. ७०,७९९ नावे यादीत असून मतपेटीपर्यंत पोहोचली नाहीत. हा आकडा फरकाच्या दुपटीहून मोठा आहे. मतदार याद्यांत मृत व स्थलांतरित असतात हे धरूनही, ‘माझ्या एका मताने काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे.

तालुकावार पाहता, साधारणतः सासष्टी, मुरगाव, तिसवाडी व बार्देस या जुन्या काबिजादींचा (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांचा) कल दोन पानांकडे, तर पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा यांसारख्या नव्या (नंतर जिंकलेल्या) काबिजादींचा फुलाकडे होता.

अन्वयार्थाचे वाद : ‘ख्रिस्ती विरुद्ध हिंदू’ असे या कौलाचे एक सोपे वाचन केले जाते. ते आकड्यांवर टिकत नाही. १९६१च्या जनगणनेत गोव्यातील ख्रिस्ती लोकसंख्या दोन-पंचमांशाहून कमी होती. ५४ टक्क्यांपर्यंत पोहोचायला हिंदूंची लक्षणीय मते दोन पानांना पडलीच असली पाहिजेत. ‘कोकणीचा मराठीवर विजय’ हे वाचनही तपासून घ्यावे लागते, कारण मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्न नव्हता आणि घरात कोकणी बोलून देवघरात मराठी पोथी वाचणारी कुटुंबे दोन्ही बाजूंना होती. राजभाषेचा प्रश्न पुढे वीस वर्षे धुमसत राहिला आणि १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान देताना मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद केली, यावरूनही हे दिसते.

सर्वांत अधिक चर्चा होते ती मार्च १९६७च्या विधानसभा निवडणुकीची. कौल हरलेल्या मगोला अवघ्या दोन-अडीच महिन्यांत पुन्हा १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला पुन्हा १२. याचे एक स्पष्टीकरण तांत्रिक आहे. कौलात सगळ्या गोव्याची मते एकत्र मोजली गेली. विधानसभेत प्रत्येक मतदारसंघ वेगळा, त्यामुळे विरोधकांची मोठी आघाडी काही ठिकाणी साचून वाया जाते आणि एकाही मतदाराने मत न बदलता दोन वेगळे निकाल लागू शकतात. दुसरे स्पष्टीकरण असे की, काही मतदारांनी दोन प्रश्न वेगळे केले : विलीनीकरण नको, पण भाऊ हवेत. पहिले कारण नाकारता येत नाही; पण केवळ त्याने सगळे उलगडते असेही वाटत नाही. गोव्यातील ज्या पिढीने दोन्ही वेळा रांग लावली, तिच्या बोलण्यात दुसरे कारणच अधिक ऐकू येते. सत्ता एकाच्या हाती द्यावी, पण सगळी देऊ नये, असा हिशेब त्यात आहे. बांदोडकरांनी निकाल स्वीकारून राज्यकारभार पुढे चालू ठेवला; १२ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही ते मुख्यमंत्रीच होते.

नंतरचा काळ : ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले आणि विधानसभेच्या जागा ४० झाल्या. मतदारसंघ लहान असल्याने गोव्यात एकेका मताचे वजन प्रत्यक्ष दिसते. २०२२च्या निवडणुकीत सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी, तर फोंड्याचा ७७ मतांनी लागला. एवढी माणसे एखाद्या वाड्यावरच्या लग्नाला असतात. मतदानयंत्रांच्या वापरात राज्य आघाडीवर राहिले. १९९९ची संपूर्ण विधानसभा निवडणूक यंत्रांवर झाली आणि २०१७मध्ये सर्व ४० मतदारसंघांत मताची छापील चिठ्ठी दाखवणारी जोड देण्यात आली.

निवडणुकीनंतरचा भाग मात्र क्लेशदायक आहे. संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार (पक्षांतरबंदीच्या तरतुदीनुसार) विधिमंडळ पक्षाच्या दोन-तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरण स्वीकारल्यास अपात्रता टळते. ४० जणांच्या सभागृहात हा आकडा फार छोटा असतो. जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या १५पैकी १० आणि सप्टेंबर २०२२मध्ये ११पैकी ८ आमदार भारतीय जनता पक्षात गेले. या वेळी मतदाराला कोणी विचारले नाही. ‘विलीनीकरण’ हाच शब्द, पण १९६७मध्ये त्यासाठी तीन लाखांहून अधिक लोकांचे मत घेतले गेले होते.

प्रतिनिधित्वाचा आणखी एक प्रश्न दीर्घकाळ पडून होता. गावडा, कुणबी व वेळीप या समाजांना २००३मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, तरी विधानसभेत त्यांच्यासाठी एकही राखीव जागा नव्हती. त्यासाठीचे विधेयक संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये संमत केले.

१६ जानेवारी हा दिवस गोव्यात ‘अस्मिताय दिस’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी फुलावर शिक्का मारणाऱ्या १,३८,१७० जणांचा उल्लेख समारंभांतून क्वचितच होतो.