रेकॉर्डिंगचा आवाज ‘बारीक’ का वाटतो?
आमच्या स्टुडिओच्या ग्राहकांसाठी, लष्कर, ग्वाल्हेर

फाइल दिली की दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला: “आवाज बारीक आलाय हो, सिनेमाचं गाणं केवढं दणदणीत वाजतं!” फोन आला तर बरेच. काहीजण मोबाइलमधल्या आवाज वाढवणाऱ्या ॲपमधून फाइल परस्पर काढतात, यूट्यूबवर चढवतात आणि तान फाटते म्हणून मग आमच्याकडे येतात. फाटलेली तान शिवता येत नाही. मूळ फाइल काढून काम पुन्हा करावे लागते आणि तो वेळ बिलात लागतो.

डिजिटल फाइलला वरचे छत असते, शून्य डेसिबल. त्यापुढे रेटले की लहरींचे शेंडे सपाट कापले जातात. सिनेमाच्या गाण्यात लिमिटरने शेंडे दाबून बाकीचे सगळे वर उचलतात. तिथे ते शोभते. ख्यालावर तोच प्रयोग केला की दोन ताना संपून गायक थांबतो तिथे तानपुरा एकदम फुगतो, श्वास आणि छताचा पंखा ऐकू येतो, समेची थाप इतर मात्रांएवढीच वाजते. आपल्या ग्वाल्हेरच्या खुल्या आवाजाच्या गायकीत, त्यातून टप्पा, म्हणजे झरझर तानांचा गानप्रकार, असेल तर, हे फारच खुपते. म्हणून आम्ही लिमिटर हलक्या हाताने लावतो. आळस नाही तो.

बरे, असा लिमिटर ठोकून मिळते काय? लफ्स हे कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. यूट्यूब मोठी गाणी साधारण उणे १४ लफ्सवर उतरवतो, हळू असलेली सहसा उचलत नाही. समजा आमचा ख्याल उणे १८ ला आणि सिनेमाचे गाणे उणे ८ ला आहे. त्या गाण्याचे तिथे ६ डेसिबल गळतात, फरक उरतो ४ चा. तेवढे बटण आपण फिरवू शकता. ख्याल ठोकून उणे ८ ला नेला, तर त्याचेही तेच ६ जातात आणि चेपलेपण तेवढे राहते. खात्री करायची तर संगणकावर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा, तिथे लाउडनेसचा आकडा दिसतो.

तुलना मोबाइलच्या स्पीकरवर करू नका, त्यात डग्गा जवळजवळ नसतोच. दोन्ही गाणी सारख्या आवाजात लावून ऐका, कारण जे जरा मोठे ते कानाला उगाच बरे वाटते. स्टुडिओत या, आम्ही तसे लावून ऐकवतो, त्याचे पैसे नाहीत.

मैफल स्वतः रेकॉर्ड करून आणणार असाल तर लेव्हल आलापावर लावू नका. बुवांना आधी एक चढी तान घ्यायला सांगा आणि ती शून्याच्या १० डेसिबल खाली राहील असे बघा. फाइल २४ बिटची, कुठलेही ॲप न लावता आणा. किंवा आम्हालाच बोलवा. फक्त डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सुमारास तारखा लवकर भरतात, तेव्हा दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवा.