गिटारचा अ‍ॅम्प, पण कोणत्या गिटारचा?

निपाणीच्या माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात बेळगावात येऊन सरावासाठी दहा वॅटचा छोटा अ‍ॅम्प घेतला आणि घरी जाऊन त्याला आपली पिकअप (तारांचा नाद टिपून विजेत बदलणारे साधन) बसवलेली लाकडी गिटार जोडली, तेव्हा आवाज मोठा झाला खरा, पण ट्रंकेत कोंडल्यासारखा येऊ लागला. अ‍ॅम्प बिघडलेला नव्हता. तो इलेक्ट्रिक गिटारचा होता. दुकानात आपण नुसता ‘गिटारचा अ‍ॅम्प’ मागतो, आणि दिसायला सारख्या, एकच पाव इंची पिन घेणाऱ्या दोन निराळ्या वस्तूंपैकी कोणती तरी एक हाती पडते.

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असतात. तार थरथरली की वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युतप्रवाह उमटतो. तो आहे तसा साध्या स्पीकरवर ऐकला तर कोरडा आणि टोचरा लागतो, म्हणून या अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचे स्वर जवळजवळ गाळून टाकतो, आणि अ‍ॅम्पमधील विद्युत मंडल (सर्किट) खालच्या-वरच्या स्वरांचे काही भाग उचलते, काही दाबते, हवे तेव्हा आवाज मुद्दाम फाडतेही. आपल्याकडच्या वाचकांना मिरजेच्या तंबोऱ्याचा दाखला पुरेल: भोपळ्याविना तंबोरा जसा अपुरा, तशी या अ‍ॅम्पविना इलेक्ट्रिक गिटार अपुरी असते.

लाकडी गिटारचे तसे नाही, कारण तिचा भोपळा तिच्यापाशीच असतो. घोडीखालच्या पिझो पट्टीने, म्हणजे दाबाचे विजेत रूपांतर करणाऱ्या पिकअपने, टिपलेला नाद रंग न चढवता मोठा करणे एवढेच तिच्या अ‍ॅम्पचे काम असते. म्हणून त्यात मोठ्या स्पीकरबरोबर वरच्या स्वरांसाठी बहुधा ट्वीटर असतो, अनेकदा मायक्रोफोनची जागा असते आणि पोकळ अंग घुमून शिट्टी वाजू लागली तर ती दाबणारे बटणही असते. घरी भजन किंवा भावगीत गात गिटार वाजवणाऱ्याला मायक्रोफोनची ही जागा फार उपयोगी पडते.

उलट चूकही होते. लाकडी गिटारच्या अ‍ॅम्पला इलेक्ट्रिक गिटार जोडली तर स्वच्छ आवाज उघडावाघडा लागतो आणि डिस्टॉर्शनच्या पेडलचा, म्हणजे आवाज फाडणाऱ्या पायाखालच्या डबीचा, आवाज डासांच्या घोंगाण्यासारखा येतो. मात्र पेडलमध्येच स्पीकरची नक्कल करण्याची सोय असेल, तर हाच अ‍ॅम्प चांगला चालतो.

दोन्ही गिटारी असणाऱ्याने ‘मॉडेलिंग’ (निरनिराळ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची इलेक्ट्रॉनिक नक्कल) या शब्दावर न भुलता आधी स्पीकर पाहावा. यामाहाच्या टीएचआर १० या छोट्या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही प्रकारच्या गिटारींसाठी आवाज होते आणि आठ सेंटिमीटरचे दोन स्पीकर खालचे-वरचे सगळे स्वर वाजवणारे होते. शिवाय तो आठ एए सेलवरही चालत असे, ज्याचे मोल खानापूरकडच्या पावसाळ्यात ऐन सरावाच्या वेळी वीज गेल्यावर कळते. बॉसच्या ५० वॅटच्या कटाना या अ‍ॅम्पमध्येही लाकडी गिटारसाठी वेगळी निवड आहे, पण बारा इंची स्पीकर गिटारचाच आणि ट्वीटर नाही, त्यामुळे लाकडी गिटार हेच मुख्य वाद्य असेल तर मी तो घेणार नाही.

वॅटची चिंता दुय्यम आहे. आवाज कानाला सुमारे दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते, म्हणजे दहा आणि वीस वॅटमधील फरक फार मोठा नसतो, आणि शहापुरातल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत पाच वॅटही शेजाऱ्यांना पुरून उरतात. हेडफोनची जागा मात्र असावीच.

दुकानात आपलीच गिटार न्यावी, अगदी हळू आवाजात सर्वांत बारीक तार छेडावी, आणि नखाचा स्पर्श ऐकू येतो का ते पाहावे. लाकडी गिटारसाठी तो ऐकू यायलाच हवा. इलेक्ट्रिक गिटारवर तो थोडा बुजला तरी बिघडत नाही.