नवखे तारे की मुरलेले खेळाडू: कॉलेज बास्केटबॉलमधल्या वादाची पार्श्वभूमी

शाळेतले अव्वल खेळाडू पटकवायचे, की साध्या पोरांना तीन-चार वर्षं घासूनपुसून तयार करायचं? अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधला हा वाद प्रशिक्षकांच्या स्वभावाचा म्हणून रंगवला जातो. खरं तर दर वेळी पारडं फिरवलं ते नियमांनी.

१९७२-७३च्या हंगामाआधी पहिल्या वर्षाच्या मुलांना, म्हणजे फ्रेशमनना, कॉलेजच्या मुख्य संघात जागाच नसे. २७ नोव्हेंबर १९६५ला यूसीएलएच्या (लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या) नव्याकोऱ्या पॉली पॅव्हिलियन या क्रीडागृहात या नियमाचं हसं झालं. ल्यू अल्सिंडरच्या (म्हणजे पुढच्या करीम अब्दुल-जब्बारच्या) फ्रेशमन संघाने आपल्याच कॉलेजच्या, राष्ट्रीय विजेत्या मुख्य संघाला ७५-६० असं लोळवलं. त्यात ३१ गुण एकट्या अल्सिंडरचे. तरी तो हंगाम त्याला फ्रेशमन संघातच काढावा लागला.

बंदी उठली आणि १९९२मध्ये मिशिगनचे पाच फ्रेशमन थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात उतरले. पण १९९५मध्ये केव्हिन गार्नेट शाळेतून सरळ एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेला, पाठोपाठ कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स. मोठे मासे कॉलेजच्या गळाला लागेनासे झाले. २००५च्या करारात एनबीएने अट घातली: वय १९ आणि शाळा संपून एक वर्ष. ही सोय लीगची होती, शिक्षणाची नव्हे. कॉलेज एका वर्षाची धर्मशाळा झालं.

ही धर्मशाळा सर्वांत चोख चालवली केंटकी विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी. २०१२चं विजेतेपद मिळालं आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) निवडलेले पहिले दोन्ही खेळाडू त्यांचेच फ्रेशमन होते. २०१५मध्ये मात्र ३८ विजय आणि एकही हार नाही अशा घोडदौडीनंतर उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनने त्यांना ७१-६४ असं अडवलं. विस्कॉन्सिनचा फ्रँक कामिन्स्की चौथ्या वर्षाला होता. पहिल्या वर्षी त्याची सरासरी होती १.८ गुण, मग ४.२, मग १३.९ आणि शेवटी १८.८. ‘घडवणाऱ्यां’च्या बाजूने हा दाखला हमखास दिला जातो. पण दोनच दिवसांनी ड्यूकच्या फ्रेशमननी याच विस्कॉन्सिनला ६८-६३ असं हरवून करंडक नेला, ते कुणी फारसं काढत नाही. मग २०१६ आणि २०१८ला जे राइट यांचा व्हिलानोव्हा जिंकला, तो मुरलेल्या खेळाडूंच्या बळावर.

२०२१ने सगळी मांडणीच मोडली. खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले आणि कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसणंही सुटलं. आता घडवतो एक आणि खेळवतो दुसरा. २०२५च्या अंतिम सामन्यात फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असं हरवलं. त्यांचे तिन्ही मुख्य गार्ड (चेंडू पुढे नेणारे खेळाडू) दुसऱ्या कॉलेजांतून आलेले: वॉल्टर क्लेटन आयोनाहून, विल रिचर्ड बेलमाँटहून आणि अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमध्ये चार वर्षं काढून.