निकोटीनवर निकोटीनचाच उतारा

सिगारेट सोडवण्यासाठी मुलाला पुन्हा निकोटीनच द्यायचे, हे ऐकून पालक दचकतात. कर्करोग निकोटीनमुळे होतो, हा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात त्याला मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुरातील इतर घातक द्रव्ये कारणीभूत असतात. निकोटीन निरुपद्रवी नाही, पण त्याचे मुख्य काम सिगारेटची ओढ लावण्याचे.

या ओढीचे मर्म मात्रेइतकेच वेगात आहे. झुरक्यातले निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि तेथे डोपामाइन हे सुखाची जाणीव देणारे रसायन स्रवू लागते. त्वचेवरच्या पॅचमधून तेच निकोटीन तासन्‌तास हळूहळू झिरपत असल्याने चिडचिड आवरते, पण झुरक्याची तरतरी येत नाही. ई-सिगारेटच्या जाहिराती नेमके हेच लपवतात: तिच्यात धूर नसला, तरी वेग बराचसा शाबूत असतो.

निकोटीनच्या च्युइंगममध्ये तर सुरेख रसायनशास्त्र आहे. निकोटीन हा सौम्य अल्क. आम्लधर्मी द्रवात त्याचे बहुतेक रेणू प्रोटॉन घेऊन विद्युतभारित होतात आणि भारित रेणूंना गालाच्या आतील पेशींच्या स्निग्ध पटलातून सहजी जाता येत नाही. सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ८च्या आसपास गेला, की निम्मे रेणू भारमुक्त होऊन रक्ताची वाट धरतात. म्हणून च्युइंगममध्ये कार्बोनेट घालून लाळ अल्कधर्मी ठेवली जाते. वर कॉफी किंवा कोला प्यायल्यास सामू घसरतो, निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, त्यातल्या बऱ्याचशाचे यकृतातच विघटन होते आणि पदरी पडतात उचक्या व मळमळ. सतत चघळल्यानेही निकोटीन असेच लाळेबरोबर गिळले जाते, त्यामुळे ते नेहमीच्या च्युइंगमसारखे चघळत राहायचे नसते. थोडे चावून चुणचुण जाणवताच गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचे, चुणचुण ओसरली की पुन्हा चावायचे, असे सुमारे अर्धा तास.

प्रौढांमध्ये या उपचाराने सिगारेट सुटण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास जाते. किशोरवयीनांबाबत मात्र असा भक्कम पुरावा अद्याप हाती नाही: चाचण्या थोड्या, त्याही लहान, आणि मुले पॅच लावणे मध्येच सोडून देतात. शिवाय अनेकांचे ओढणे अनियमित असते, आज चार तर उद्या एकही नाही, त्यामुळे मात्रा बसवणे कठीण जाते. ब्रिटनमध्ये १२ वर्षांपासून हा उपचार घेता येतो, तर अमेरिकेत १८ वर्षांखालील मुलांना तो डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मिळत नाही; समुपदेशनाची जोड मात्र सर्वत्रच आवश्यक मानली जाते. च्युइंगमची मात्रा ठरवताना सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने लागते, हे विचारले जाते. प्रौढांसाठी उत्तर अर्ध्या तासाच्या आतले असेल तर ४ मिलिग्रॅम, त्यानंतरचे असेल तर २.