रक्त तपासून नैराश्य का कळत नाही?

मधुमेहाचे निदान रक्तातील साखरेच्या आकड्यावरून होते. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मनोविकार) असल्याचे ठामपणे सांगणारी अशी कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही. मग मनोविकारतज्ज्ञ थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून आणायला का सांगतात? थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले, तरी माणूस सुस्तावतो, उदास राहतो, त्याचे कशात लक्ष लागत नाही. या तपासण्या मनोविकार शोधण्यासाठी नसतात, तर त्याच्यासारखी लक्षणे निर्माण करणारे शारीरिक कारण वगळण्यासाठी असतात.

खरे निदान होते ते मुलाखतीत. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण डोके जड होणे, छातीत धडधडणे, अंगात त्राण नसणे अशाच तक्रारी घेऊन येतात. त्या ऐकताना डॉक्टर बोलण्याचा वेग, नजर, विचारांची सुसंगती टिपत असतात. कोणी नसताना आवाज ऐकू येतात का, जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्टपणे विचारतात.

पुढची पायरी निकषांची. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमावलीनुसार नैराश्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणे एकाच दोन आठवड्यांच्या काळात दिसावी लागतात, त्यांत उदासी किंवा कशातही रस न वाटणे यांपैकी एक असावेच लागते, आणि त्यामुळे मोठा मानसिक त्रास होत असावा किंवा रोजचे व्यवहार अडलेले असावेत. हे नियम यांत्रिक वाटतात खरे. पण १९८० पूर्वी, असे काटेकोर निकष नसताना, ज्या रुग्णांना न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणत, तशाच अनेक रुग्णांना लंडनचे डॉक्टर भावनांचा विकार ठरवत असत. मोबाईलवर सहज सापडणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली याच लक्षणांवर बेतलेली आहे. तिच्यातील २७ पैकी १० किंवा अधिक गुण म्हणजे तज्ज्ञांकडे जाण्याचे कारण. तेवढ्यावर निदान होत नाही.

सर्वांत मोठी गफलत होते ती बायपोलर विकारात, म्हणजे उदासीचे आणि उन्मादाचे (अति उत्साहाचे) टप्पे येणाऱ्या आजारात. त्यातील उदासीचा टप्पा हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. फरक भूतकाळात दडलेला असतो: दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, अखंड बडबड, भरमसाट खर्च, डोक्यात एकामागून एक बेत, असे दिवस कधी येऊन गेले होते का? रुग्णाला तो काळ आजार वाटतच नाही, उलट आयुष्यातला उत्तम काळ वाटतो, म्हणून तो सांगत नाही. सांगते ती बायको किंवा भाऊ, आणि म्हणूनच रुग्णाच्या संमतीने घरच्यांशी बोलण्याचा आग्रह धरला जातो. ही माहिती हाती न लागता केवळ नैराश्यरोधक गोळ्या सुरू झाल्या, तर काही रुग्णांत उन्मादाचा झटका येऊ शकतो. काहींचा उन्माद तर पहिल्या उदासीनंतर कित्येक वर्षांनी प्रकट होतो. अशा वेळी फाईलवरचे निदान बदलावेच लागते, आणि त्याचा अर्थ आधीच्या डॉक्टरांनी हलगर्जी केली, असा दर वेळी होत नाही.